खाली न आलेला चेंडू आणि अंतिम गुणतक्ता

यंदाच्या शहर साखळी स्पर्धेच्या पंचविसाव्या सामन्यात, त्रेसष्टाव्या मिनिटाला, हौदावरच्या तालमीच्या सर्जेराव इंगवलेनं वर मारलेला चेंडू खाली आला नाही. तो साधारण साठ हात उंचीवर जाऊन थांबला आणि अजून तिथंच आहे.

मी स्पर्धा समितीचा सचिव. पाणीपट्टी खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो, कॉलनीत राहतो, आणि माझा कुठल्याही तालमीशी संबंध नाही. सचिव नेमताना तेवढी एकच पात्रता बघतात. कोल्हापुरात तालीम नसलेला माणूस शोधायला समितीला पाच महिने लागले होते, असं मला मागाहून कळलं. तेव्हा पुढं जे लिहितो त्यात मी कुणाची बाजू घेतलेली नाही. निदान सुरुवातीला तरी घेतली नव्हती.

बाहेरगावच्या माणसासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो. अंगाला आखाड्याची माती लागलेल्या वस्तादांनीच संघ काढले, आणि समितीचे नियमही त्यांनीच बसून लिहिले. त्यांना कुस्ती कळत होती. फुटबॉल त्यांनी कुस्तीवरूनच समजून घेतला, आणि त्यात काही वावगं आहे असं आजही इथं कुणाला वाटत नाही.

एका वर्षी असं झालं, की चेंडू हवेत असताना पंचानं शेवटची शिट्टी वाजवली आणि तो चेंडू पुढच्या क्षणी गोलात गेला. गोल धरायचा की नाही यावरून तीन आठवडे भांडण चाललं. नवरा या गल्लीचा आणि नवरी त्या गल्लीची म्हणून दोन वराती अर्ध्या वाटेतून परत गेल्या. शेवटी सगळे वस्ताद एकत्र जमले आणि त्यांनी नियम चौदा लिहिला. तो असा: ‘पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही, तसा चेंडू मातीला लागल्याशिवाय डाव संपत नाही. चेंडू अधांतरी असताना पंचाने शिट्टी वाजवू नये.’ साठ वर्षं या नियमाचा कुणाला त्रास झाला नाही, कारण साठ वर्षं चेंडू वेळच्या वेळी खाली येत होता.

आता तो आला नाही, म्हणून सामना चालू आहे. सामना चालू आहे म्हणून बदली खेळाडू घेता येत नाही. बदली खेळ थांबल्यावरच घेतात. मैदान अडकल्यामुळं उरलेले तीन सामनेही होऊ शकत नाहीत. पंचाची परवानगी घेऊन खेळाडूला थोडा वेळ बाहेर जाता येतं, पण एका संघाचे सातपेक्षा कमी मैदानात राहिले तर तो संघ हरला. या सगळ्यात चमत्कार वगैरे काही नाही. जे चमत्कार म्हणतात त्यांनी नियमावली वाचलेली नसते.

सर्जेरावनं चेंडू वर का मारला, तेही नोंदवलं पाहिजे. त्यानं तो वेळ काढायला मारला होता. हौदाचे सहा सामन्यांतून पंधरा गुण झाले होते आणि समोरच्या मोठ्या वेशीच्या तालमीचे चौदा. सामना शून्य-शून्य होता. बरोबरी झाली असती तरी चषक हौदाला मिळत होता, आणि मोठी वेस अर्धा तास नुसती हौदाच्या गोलावर तुटून पडली होती. अशा वेळी मागचा गडी चेंडू आकाशात भिरकावतो आणि तो येईपर्यंत दम खातो. सर्जेरावचा हेतू दहा सेकंद काढण्याचा होता.

चेंडू वर थांबल्यावर पहिली दहा मिनिटं सगळे माना वर करून उभे राहिले. अकराव्या मिनिटाला मोठ्या वेशीनं वेळ काढण्याबद्दल लेखी तक्रार दिली. ती सुनावणीवर आहे.

पंच होते केरबा मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. सर्जेरावनं त्यांना विचारलं, “मास्तर, ह्यो येतूय का न्हाई?”

“येईल की. तुला घाई हाय का?”

“मला कसली घाई?” सर्जेराव म्हणाला, आणि मोठ्या वेशीच्या रणधीरच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. रणधीर घोरपडे म्हणजे वेशीचा कप्तान, तेवीस वर्षांचा, शहरातला सगळ्यात चपळ पुढचा गडी. त्याला मोकळा सोडायचा नाही, एवढंच काम सर्जेरावला दिलेलं होतं. त्या दिवशी चौदा मार्च होता.

समितीनं आपल्या परीनं सगळं केलं. अग्निशमन दलाची शिडी मागवली. चालू सामन्यात मैदानात शिडी नेता येत नाही, म्हणून ती बाहेरून लावली. त्यामुळं ती तिरकी पडली आणि चेंडूपासून दोन पुरुष कमी आली. मग चेंडूस नोटीस काढली, की सात दिवसांत खाली यावे, अन्यथा एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. नोटीस बांबूला लावून दोन तास वर धरली. पोच मिळाली नाही, म्हणून रीतसर पंचनामा केला. मोठ्या वेशीनं आणखी एक अर्ज दिला, की दुपारी बारा वाजता चेंडूची सावली जमिनीला टेकते, तेव्हा चेंडूच टेकला असं धरावं. तो अर्ज आम्ही फेटाळला. सावलीत हवा भरलेली नसते, असं मी टिपणीत लिहिलं. ती टिपणी मला स्वतःला आवडली होती.

दिवस जात राहिले. मैदानातल्यांनी मैदानातच संसार मांडला. डबे रेषेबाहेरून आत सरकवायचे, आंघोळीला दोघा-दोघांनी परवानगी घेऊन जायचं. केरबा मास्तर झोपताना चेंडूची जबाबदारी साहाय्यक पंचांकडं लेखी देत आणि उठल्यावर लेखी परत घेत. तोंडातली शिट्टी मात्र त्यांनी कुणाला दिली नाही.

हौदाच्या तालमीत सगळी हातावर पोट असलेली माणसं. फाउंड्रीत, गुऱ्हाळावर, रिक्षावर. एक गडी सैन्यभरतीला गेला, एकाची आई आजारी पडली, दोघांना कामावरून निरोप आला. परवानगी घेऊन गेले ते परत येऊ शकले नाहीत. एप्रिल संपला तेव्हा हौदाचे बरोबर सात उरले होते. तेव्हापासून त्यांची आंघोळही रेषेच्या आतच, बादलीनं. मोठ्या वेशीचे अकराच्या अकरा होते, कारण वेशीच्या पोरांना घरी काम नसतं.

त्या सातांतला गोलकीपर इंद्रजित. त्याचं लग्न बारा मेला ठरलेलं. मुलीकडच्यांनी कार्यालय धरलं होतं. इंद्रजित कार्यालयात गेला असता तर हौद सहा माणसांवर येऊन हरला असता. नवरीमुलगी ऋतुजा मैदान बघायला आली, गोलाच्या जाळीमागं पाच मिनिटं उभी राहिली, आणि वडिलांना म्हणाली, “अण्णा, हितंच करूया. जागा मोठी हाय.”

लग्न मैदानावरच झालं. नवरदेव गोलरेषेच्या आत, नवरी जाळीमागं, आणि जाळीलाच अंतरपाट समजावं असं भटजींनी मान्य केलं. सप्तपदीला तो या खांबापासून त्या खांबापर्यंत रेषेच्या आतून चालला आणि ती बाहेरून. रेषेबाहेर राहिल्याबद्दल केरबा मास्तरांनी नवरीचं कौतुक केलं. मोठ्या वेशीच्या अकराही जणांनी अक्षता टाकल्या; फक्त आधी मास्तरांना विचारून घेतलं, की याला चेंडूला अडथळा म्हणायचं का.

या सगळ्या काळात सर्जेराव रणधीरच्या पाठीशी होता. रणधीर पाणी प्यायला निघाला की सर्जेराव निघाला. रणधीर उजवीकडं झोपला की सर्जेराव त्याच्या आणि गोलाच्या मध्ये झोपला. तो अडतीस वर्षांचा आहे, उजव्या गुडघ्यात पाणी होतं. एकदा मी रेषेवर उभा राहून त्याला विचारलं, की इतकं कशासाठी.

“सचिव सायेब, एकोनीस वर्सं खेळलो,” तो वर बघत म्हणाला. “आमच्या तालमीत मारुतीशेजारी एक देवळी हाय. आज्ज्यानं बांधली, चषक ठेवायला. आज्जा गेला, बा गेला. पोरं आता तिच्यात चपला ठेवत्यात. म्होरल्या साली ह्यो गुडघा मला मैदानात येऊ देनार न्हाई. तवा यंदाच.”

नियम बावीस त्याला ठाऊक होता. एकतीस मेच्या सूर्यास्तापर्यंत स्पर्धा पुरी झाली नाही, तर ती झालीच नाही असं समजायचं आणि चषक मागच्या विजेत्याकडं ठेवायचा. मागची तेरा वर्षं विजेती मोठी वेस होती.

वाट एकच होती. समितीच्या आठांपैकी पाच जणांनी ठरवलं, तर सूर्यास्ताआधी दुसऱ्या कुठल्याही न्याय्य पद्धतीनं अंतिम गुणतक्ता लावता येतो. म्हणून तीस मेला मैदानाच्या कडेला, पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर, मी बैठक बोलावली. आठ तालमींचे आठ प्रतिनिधी आले. अध्यक्षस्थानी मोठ्या वेशीचे भैयासाहेब होते.

प्रत्येकानं आपली पद्धत टाइप करून आणली होती. हौदाचं म्हणणं, आहे तो गुणतक्ता धरा. खंदकातल्या तालमीचं म्हणणं, स्पर्धा अर्धी झाली तेव्हाचा क्रम धरा, कारण अर्धवट स्पर्धेला अर्धाच तक्ता शोभतो. तेव्हा खंदक पहिला होता. पिंपळपारच्या तालमीनं उन्हात खेळलेले सामने वजा करून दाखवले. सात बुरूज तालमीनं आपली स्थापना सगळ्यांच्या आधीची असल्याचा दगडावरचा लेख फोटो काढून आणला. तळाला असलेल्या तालमीनं सुचवलं, की ज्यांनी सगळ्यात कमी वेळा पंचाशी हुज्जत घातली त्यांना पहिलं धरावं. त्यांची तेवढी ताकदच उरत नव्हती. आणि भैयासाहेबांचं म्हणणं, नियम बावीस आहे, वेगळी पद्धत हवीच कशाला.

मी सगळ्या पद्धती तपासल्या. गणित कुणाचंच चुकलं नव्हतं. ज्या तालमीनं जी पद्धत मांडली, तिच्यात तीच तालीम चषक नेत होती. हा योगायोग आठही वेळा घडला. मतदान घेतलं तर प्रत्येक पद्धतीला एक मत पडलं. दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, पुन्हा सकाळपासून बसलो, पुन्हा मतदान घेतलं, आणि पुन्हा तेच. दुपारचे तीन वाजले. मला त्या आठही जणांचा राग आला होता, हे इथं लिहून ठेवतो. सचिवाला राग नोंदवायची सोय नसते, म्हणून वहीत फक्त ‘चर्चा झाली’ एवढं आहे.

सर्जेरावची बायको शालन रोज दुपारी मैदानावर येत असे. पहिले आठ-दहा दिवस ती सातांचंच, म्हणजे तेव्हाच्या अकरांचंच, जेवण आणायची. नंतर पातेलं मोठं होत गेलं आणि बावीस जणांना पुरायला लागलं. वेशीची पोरं तिला वैनी म्हणायची. त्या दिवशी ती पायऱ्यांच्या खाली पातेल्याशी उभी होती. पळी हातात घेऊन तिनं मला हाक मारली.

“काका, दोन दीस आयकायलोय मी. येक बोलू का?”

भैयासाहेब म्हणाले, “वैनी, ही समितीची बैठक आहे.”

“हाय की. म्हनून तर उभं राहून बोलतोय.” ती माझ्याकडंच बघत राहिली. “काका, बोकड पडल्यावर वाटं कोन घालतंय आमच्यात?”

“कोण घालतं?”

“कोनबी घालंल. पर जो वाटं घालतोय त्यो आपला वाटा शेवटाला उचलतोय. मग बगा, वाटं कसं सारखं पडत्यात. तराजू लागत न्हाई. हितं तुमी आठी जनं आपला वाटा आदी उचलून बाजूला ठेवायलाईसा, आनी मग बाकीच्यास्नी हाडं मोजून द्यायलाईसा. मग कसं व्हायचं?”

पिंपळपारच्या प्रतिनिधीनं पातेल्याकडं पाहिलं.

“म्हणजे काय करायचं?” मी विचारलं.

“सोताचं नाव सोडून बाकीच्यांचं वाटं घाला. सरळ हाय की.” असं म्हणून ती रस्सा वाढायला रेषेकडं गेली.

मी ते समितीच्या भाषेत लिहून काढलं. प्रत्येक तालमीनं उरलेल्या सात तालमींचा क्रम लावायचा. स्वतःचं नाव लिहायचं नाही. पहिल्याला सात गुण, शेवटच्याला एक. सगळ्या कागदांची बेरीज तोच अंतिम गुणतक्ता. कागदावर सही कप्तानाची हवी, कारण खेळलेला तो असतो. समितीवरचे बसलेले असतात.

ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर झाला. मला आश्चर्य वाटलं, पण मग कारण लक्षात आलं. आपण स्वतःला पहिलं लिहू शकलो नाही तरी बाकीचे सगळे आपल्यालाच पहिलं लिहिणार, याबद्दल सातही तालमींना तिळमात्र शंका नव्हती. आपण सगळ्यांना आवडतो, असं ज्याला त्याला वाटतंच. विरोधी मत भैयासाहेबांचं होतं. त्यांना मात्र आपल्याबद्दल लोकांना काय वाटतं याची चांगली कल्पना होती.

सहा कप्तान पायऱ्यांवरच होते, त्यांनी लिहून दिलं. उरले मैदानातले दोन. हौदाचा कप्तान म्हणून सर्जेरावला मी रेषेवरून कोरा कागद दिला. त्यानं तो इंद्रजितच्या पाठीवर ठेवून, अर्धा डोळा चेंडूकडं ठेवून लिहिला आणि घडी घालून परत केला. रणधीरसाठी भैयासाहेबांनी स्वतःच क्रम लिहून ठेवला होता. फक्त सही आणा, म्हणून त्यांनी तो कागद मला दिला. तो उघडाच होता, त्यामुळं मला दिसला. हौदाचं नाव सातवं होतं.

रणधीरनं तो वाचला. मग चार घड्या घालून मोज्यात खोचला.

“सचिव साहेब, सही माझी लागणार ना?”

“हो.”

“मग अक्षर पण माझंच असू दे. एक कोरा कागद द्या.”

मी दिला. पायऱ्यांवरून भैयासाहेब उठून उभे राहिलेले मला दिसले, पण चालू सामन्यात कप्तानाशी बाहेरून बोलायला बंदी आहे. ते परत बसले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी कागद उघडायला घेतले. तोपर्यंत चारी बाजूंना माणसं भरली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या शहरात फुटबॉलची बातमी माणसाच्या आधी पोचते. हौदाच्या गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन गोलामागं ओळीनं बसल्या होत्या. कागद डब्यात घालून हलवले आणि एकेक काढला.

पहिल्या चार कागदांत मोठी वेस तळाशी होती. तेरा वर्षं चषक नेला की अशी माया जमते. हौद आणि खंदक मात्र वर चालले होते, कारण त्यांनी कधी कुणाचं काही नेलेलं नव्हतं. पाचवा कागद हौदाचा निघाला. मी पहिलं नाव मनात दोनदा वाचलं, मग नियमाप्रमाणं मोठ्यानं म्हटलं, “एक. मोठी वेस तालीम.”

गोलामागच्या बायांत कुजबुज झाली. इंद्रजित आपल्या पाठीला हात लावून म्हणाला, “दादा, माझ्या पाठीवर हे लिवलास?”

“मग काय खोटं लिवू?” सर्जेराव वर बघत म्हणाला. “मी हाय की न्हवं त्येंच्यासंगं उभा. मला म्हाईत न्हाई व्हय, कोन किती पान्यात हाय ते.”

आणखी दोन कागद उघडले. सात कागदांची बेरीज मी दोनदा केली. मोठ्या वेशीचे सतरा गुण झाले होते आणि त्यात आता भर पडणार नव्हती. हौदाचे तेहतीस. खंदकाचेही तेहतीस. डब्यात एकच कागद उरला होता, आणि तो रणधीरचा होता.

सूर्य पॅव्हेलियनच्या छपराला टेकला होता. खंदकाची मंडळी हळूहळू हसायला लागली होती. वेस हौदाला वर लिहील असं त्या हजारो माणसांत कुणालाही वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. घडी उघडण्याआधी मी चष्मा दोनदा पुसला. बत्तीस वर्षं मी पाण्याचे नळ तोडायच्या नोटिसांवर सह्या केल्या, तेव्हा कधी पुसला नव्हता. मी तेव्हाच हौदाच्या बाजूचा झालो होतो. उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

कागद उघडला. अक्षर मोठं, शाळकरी. मी वाचलं, “एक. हौदावरची तालीम.”

पुढची सहा नावं मी वाचली, पण ती कुणी ऐकली असं वाटत नाही. खाली आणखी एक ओळ होती. कागदावर क्रमाखेरीज काही लिहायला परवानगी नाही. तरी ती मी वाचली, आणि आवाज शांत होईपर्यंत तीनदा वाचली.

‘अठ्ठ्याहत्तर दिवसांत एकदाही मोकळा सुटलो नाही.’

सर्जेराव ढसाढसा रडला. माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा माणूस इतका मोकळा रडलेला पाहिला नाही. वर बघणं त्यानं सोडलं नाही, त्यामुळं पाणी डोळ्यांतून कानांत जात होतं. रणधीर त्याच्या पुढंच उभा होता, नेहमीच्या अंतरावर.

हौद पहिला, गुण चाळीस. मोठी वेस सातवी आली. भैयासाहेबांनी हरकत नोंदवायला कागद मागितला. मी म्हटलं, कागद संपले. हे माझ्या सचिवपणातलं एकमेव खोटं.

चषक वेशीच्या तालमीतून आणायला त्यांचीच पोरं धावली. तो आला तेव्हा हलगी सुरू झालेली होती. चालू सामन्यात मैदानात परकी वस्तू नेता येत नाही, म्हणून मी चषक रेषेच्या बाहेर धरला आणि सर्जेरावनं रेषेच्या आतून त्याला हात लावला. कान त्याच्या बाजूचा, बुड माझ्या बाजूचं, असं थोडा वेळ चाललं. केरबा मास्तर जवळ आले, वाकून रेषा बघितली, आणि म्हणाले, “चषक अजून मातीला लागलेला न्हाई. हवेतल्या वस्तूवर मी निकाल देत न्हाई.” मग सर्जेरावनं तो दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतला.

मिरवणूक मैदानाभोवतीच काढली, कारण ज्यांची मिरवणूक ते मैदानाबाहेर येऊ शकत नव्हते. बाहेरून सगळी हौदाची गल्ली गुलाल उधळत चालली आणि आतून ते सात जण रेषेला धरून चालले. इंद्रजितच्या बरोबरीनं जाळीच्या बाजूला ऋतुजा नाचत होती. खंदकाचे लोक तोंड पाडून अर्धी फेरी चालले, आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत नाचले. शालन वैनींना बायांनी खांद्यावर घेतलं. त्या वरून ओरडून सांगत होत्या, की पातेलं कुणीतरी बघा, रस्सा तळाला लागंल. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला गुलाल लागला. तो मी धुतलेला नाही आणि धुणारही नाही. मी इतका आनंदात कधी नव्हतो.

सूर्य मावळला तेव्हा मी वहीत नोंद केली: ‘स्पर्धेचा निकाल नियम बावीसच्या मुदतीत लागला. विजेते हौदावरची तालीम. सामना क्रमांक पंचवीस चालू आहे.’ पुढच्या वर्षीची स्पर्धा नदीपलीकडच्या मैदानावर घ्यायचं त्याच बैठकीत ठरलं, आणि ते एकमतानं ठरलं. हौदाच्या सात आणि वेशीच्या अकरा जणांच्या नावापुढं ‘मागील सामन्यात व्यग्र’ असं लिहिलं आहे.

हलगी थांबली. चषक घेऊन लोक तालमीकडं निघाले. देवळीतल्या चपला काढून ती धुवायला म्हाताऱ्या बाया आधीच पुढं गेल्या होत्या. सर्जेरावनं जाणाऱ्या चषकाकडं एकदा पाहिलं आणि गुलालानं भरलेली मान पुन्हा वर केली.

रणधीर म्हणाला, “दादा, जिंकलास की आता. आता तरी गुडघ्याला जरा आराम दे. बस खाली.”

“आनी चेंडू आला म्हंजे?”

“आला तर आला.”

“व्वा,” सर्जेराव म्हणाला. “म्हंजे तू मोकळा.” आणि तो एक पाऊल सरकून रणधीरच्या पाठीला लागून उभा राहिला.